परीक्षेला नसलेलं परिशिष्ट : एका वर्गाचा प्रकरण अभ्यास

बी.एड.ला प्रकरण अभ्यास लिहायचा म्हणजे एखादा 'समस्याग्रस्त' विद्यार्थी शोधायचा, असा आमच्याकडे सगळ्यांचा समज. सतत गैरहजर राहणारा, नाही तर गणितात कच्चा. मीही तसाच एक शोधत होते. मग लक्षात आलं की एक प्रकरण माझ्याकडे आधीपासूनच आहे आणि त्यातली विद्यार्थिनी मीच आहे. छापील नमुन्यात समस्येचं स्वरूप, कारणं, उपाययोजना असे रकाने असतात. हे प्रकरण त्यांत काही मावत नाही, म्हणून घडलं तसं लिहिते.

गाव बार्शीच्या बाजूचं, तालुक्याच्या कॉलेजात एसटीने जायचं. टी. वाय. बी.ए.ला इंग्रजी स्पेशल घेतलेले आम्ही हजेरीपटावर तेवीस जण होतो, वर्गात तेरा-चौदा. त्यातले तिघे पोलीस भरतीच्या तयारीचे. ते पहाटे मैदानावर पळून यायचे आणि तासाला पेंगायचे. कादंबरीच्या पेपरला ऑर्वेलची '१९८४' होती. तिच्यात ओशनिया नावाचं राज्य आहे, तिथे एकाच पक्षाची सत्ता आणि बिग ब्रदर हा त्याचा नेता. डिस्टोपिया हा शब्द आम्ही पहिल्यांदा ऐकला तो तिथे. मॅडमनी फळ्यावर आधी यूटोपिया लिहिला, १५१६ साली थॉमस मोरने घडवलेला ग्रीक शब्द, अर्थ 'कुठेच नसलेली जागा'. मग त्याखाली डिस्टोपिया, म्हणजे वाईट, भयाण जागा, लिहून म्हणाल्या, ''ही जागा मात्र बऱ्याच ठिकाणी सापडते.'' आम्ही हसलो आणि दोन्ही शब्द वहीत उतरवून घेतले.

कादंबरी कुणाकडेच नव्हती. गाइड होतं. स्टँडसमोरच्या दुकानात एकशे दहा रुपयांना. त्यात लेखकाचं चरित्र, आधी अशाच कादंबऱ्या लिहिणाऱ्या झाम्यातिन आणि हक्स्लीसकट दीड पानाची पार्श्वभूमी, प्रकरणवार सारांश, पात्रांची स्वभावचित्रं आणि शेवटी 'अपेक्षित प्रश्न'. नायक विन्स्टन स्मिथ हा सामान्य माणसाचा प्रतिनिधी आहे, बिग ब्रदर हे सत्तेचं प्रतीक आहे, लेखक मानवजातीला सावध करतो. हे आम्ही इतक्या वेळा लिहिलंय की आजही झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवीन.

मला गाइड मिळालं नाही, एवढंच माझं वेगळेपण. दिवाळीनंतर घरी ज्वारीची खुरपणी होती, मी आठ दिवस उशिरा गेले, तोवर दुकानातला साठा संपला होता. दुकानदार म्हणाला, सोमवारी मागवतो. तोपर्यंत म्हणून लायब्ररीतून मूळ पुस्तक काढलं. पाठीला तपकिरी चिकटपट्टी, आत तारखांच्या चिठ्ठीवर चारच शिक्के. पहिलं प्रकरण डिक्शनरी घेऊन वाचायला तीन रात्री लागल्या. त्या पहिल्याच प्रकरणात एका ओळीखाली तळटीप आहे. न्यूस्पीक ही ओशनियाची अधिकृत भाषा होती, तिच्या रचनेसाठी परिशिष्ट पाहा, अशा अर्थाची. कादंबरीला तळटीप मी पहिल्यांदाच पाहिली. आणि परिशिष्ट? पुस्तकाच्या शेवटी ते होतं. सोमवारी आलेल्या गाइडात नव्हतं. मैत्रिणीच्या गाइडातही नव्हतं.

हे सांगण्याआधी वर्गात तोवर काय चाललं होतं ते सांगायला हवं, कारण खरा गुंता तिथे होता.

डिस्टोपियन कादंबरी शिकवायला सोपी जाते, असं मला आता वाटतं, आणि तीच तिची अडचण. पोरं पहिल्या दिवसापासून बोलायला लागतात. शेक्सपिअरच्या तासाला ज्यांनी तोंड उघडलं नव्हतं ते म्हणाले, टेलिस्क्रीन, म्हणजे माणसावर नजर ठेवणारा भिंतीवरचा पडदा, तो म्हणजे मोबाईल. एकदम मान्य. दुसरा म्हणाला, टू मिनिट्स हेट, म्हणजे रोज दोन मिनिटं सगळ्यांनी मिळून शत्रूच्या नावाने ओरडायचं, ते म्हणजे आपल्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निवडणुकीच्या आधी चालतं ते. तेही मान्य. तिसऱ्याने ऑर्वेलची जन्मतारीख शोधून आणली, २५ जून १९०३, बिहारातलं मोतिहारी; आणि २५ जूनलाच १९७५ साली रात्री आणीबाणी लागली, म्हणजे बघा! मॅडमनी त्यावर कराडचं साहित्य संमेलन सांगितलं, दुर्गाबाई भागवत अध्यक्षपदावरून आणीबाणीविरुद्ध कशा बोलल्या ते सांगितलं. तास छान झाला. पण त्या तासाला कादंबरीतली एकही ओळ कुणी वाचली नव्हती.

वर्गात दोन्ही बाजूंची पोरं होती. एका बाकाला वाटायचं बिग ब्रदर म्हणजे यांचा नेता, दुसऱ्याला वाटायचं त्यांचा. पुस्तक एकच, आरसा मात्र प्रत्येकाने समोरच्याकडे धरलेला. मॅडम वैतागून म्हणाल्या, ''परीक्षेत राजकारण लिहू नका रे बाबांनो.'' हे वाक्य मी त्यांच्या भित्रेपणात जमा केलं होतं. आता वाटतं, त्या भीत नव्हत्या, कंटाळल्या होत्या. आमचं 'हे म्हणजे अगदी ते' ऐकून.

गाइडाने तर त्याच्याही पुढे जाऊन चुकीचंच सांगितलं होतं. 'ओशनियातील प्रत्येक नागरिकावर टेलिस्क्रीनद्वारे नजर ठेवली जाते.' पुस्तकात असं नाही. तिथे पंच्याऐंशी टक्के लोक प्रोल आहेत, कष्टकरी, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या घरी टेलिस्क्रीनच नाही. पक्षाला त्यांच्यावर नजर ठेवण्याची गरजच वाटत नाही. त्यांना लॉटरी आहे, बीअर आहे, फुटबॉल आहे. प्रोल आणि जनावरं मोकळी असतात, अशी पक्षाची घोषणाच आहे. मी हे वर्गात वाचून दाखवलं तेव्हा पोलीस भरतीवाल्यांतला एक, जो आजवर पेंगत होता, ताठ बसला. ''म्हणजे आपण कोण मग? आपण तर प्रोल निघालो की!'' त्याला विन्स्टनशी काही देणंघेणं नव्हतं. इतके दिवस तो दुसऱ्याच्या गोष्टीत बसला होता, आता स्वतःची जागा सापडली. तिथून पुढे तो जागा राहायचा. (भरतीत तो निवडला गेला. गोळाफेकीत चांगला होता.)

तर तळटीप. मी तासाला विचारलं, ''मॅडम, परिशिष्ट कधी घेणार?'' त्या म्हणाल्या, ''परिशिष्ट परीक्षेला नाही.'' विषय संपला. मी खाली बसले. पण दोन दिवसांनी त्या हातात झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन आल्या, प्रत्येकाला दोन-दोन पानं. टेबलापाशी उभं राहून म्हणाल्या, ''खरं सांगते, एम.ए.ला होते तेव्हा मीही हे वाचलं नव्हतं. परवा रात्री वाचलं.'' एखाद्या शिक्षकाने वर्गात असं म्हणणं आम्हाला नवीन होतं. मागच्या बाकावरचा कुजबुजलासुद्धा नाही.

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, ती मला कुठल्याही गाइडात सापडलेली नाही. १९४९ च्या मार्चमध्ये, पुस्तक छापून बाहेर यायच्या आधी, अमेरिकेतल्या 'बुक ऑफ द मंथ क्लब'ने ते निवडण्याची तयारी दाखवली. अट एकच, हे परिशिष्ट आणि मधला गोल्डस्टीनच्या, म्हणजे कादंबरीतल्या पक्षाच्या शत्रूच्या, ग्रंथाचा लांबलचक भाग काढून टाका. क्लबने निवडलं तर लेखकाच्या पदरात फार मोठी रक्कम पडणार होती. ऑर्वेल तेव्हा क्षयाने अंथरुणाला खिळलेला. त्याआधीच्या हिवाळ्यात स्कॉटलंडच्या ज्युरा बेटावर पलंगावर बसून त्याने हस्तलिखित स्वतः टाइप केलं होतं. त्याने नकार कळवला. पुस्तक ही तोलून उभी केलेली रचना असते, इकडचा-तिकडचा मोठा तुकडा काढायचा तर सगळंच पुन्हा बांधावं लागेल, असं त्याचं म्हणणं. शेवटी क्लबनेच माघार घेतली आणि पुस्तक आहे तसं घेतलं. जूनमध्ये लंडनला ते प्रसिद्ध झालं, पुढच्या जानेवारीत ऑर्वेल गेला.

''त्याने जे पैशासाठी कापू दिलं नाही,'' मॅडम म्हणाल्या, ''ते आपल्या गाइडवाल्याने फुकट कापलं.'' मग त्यांनी गृहपाठ दिला. आपापली दोन पानं मराठीत आणायची. डिक्शनरी चालेल, मोबाईलवरचं भाषांतर चालणार नाही.

न्यूस्पीकचं व्याकरण थोडक्यात असं. शब्द दर वर्षी कमी करत न्यायचे. 'वाईट' हा शब्द नको, 'चांगला'ला नकार जोडला की भागतं. जोर द्यायचा तर 'प्लस', आणखी द्यायचा तर 'डबलप्लस'. शब्दच उरला नाही की विचारही उरणार नाही, असा हिशोब. ऑर्वेल दुसऱ्या महायुद्धात १९४१ ते १९४३ बीबीसीच्या ईस्टर्न सर्व्हिसमध्ये हिंदुस्थानसाठीचे कार्यक्रम करत होता. त्या काळात ऑग्डेन नावाच्या भाषापंडिताची ८५० शब्दांची 'बेसिक इंग्लिश' चर्चेत होती, आणि ऑर्वेललाही सुरुवातीला तिचं कौतुक होतं. न्यूस्पीकमध्ये त्या कौतुकाची थट्टा आहे. म्हणजे स्वतःचीही.

माझ्या पानांवर 'फ्री' हा शब्द आला. परिशिष्टात म्हटलंय की न्यूस्पीकमध्ये 'फ्री' शिल्लक आहे, पण फक्त 'फ्री फ्रॉम' अशा प्रकारच्या वाक्यांत. या कुत्र्याला उवा नाहीत, या शेतात तण नाही. विचाराने मोकळा, राजकीयदृष्ट्या स्वतंत्र, असा अर्थ आता निघूच शकत नाही, कारण ती कल्पनाच नाहीशी झालेली आहे.

मला आधी वाटलं, हे मराठीत येणारच नाही. इंग्रजीत एका 'फ्री'ला आपल्याकडे केवढे शब्द! वर्गात आम्ही फळा भरवला. स्वतंत्र, मोकळा, मुक्त, फुकट, रिकामा, सुटा, निवांत. 'स्वतंत्र' म्हटलं की एकजण म्हणाला, आमच्यात स्वतंत्र म्हणजे भावापासून वेगळा झालेला; स्वतंत्र चूल, स्वतंत्र मीटर. 'मोकळी'वर पोरी हसल्या, कारण बाळंत झालेल्या बाईलाही सुखरूप मोकळी झाली म्हणतात. आणि 'बोलून मोकळा झाला' यात स्वातंत्र्य कुठलं, तो तर जबाबदारी झटकून गेला. एवढे शब्द असताना मराठीची न्यूस्पीक करायला पक्षाला त्यांची दोन हजार पन्नास सालची मुदतही पुरायची नाही, असं मी मोठ्या ऐटीत म्हणाले.

मॅडमनी खिडकीकडे बोट केलं. समोरच्या भिंतीवर रंगवलेलं होतं : 'कॉपीमुक्त अभियान'.

मग रांगच लागली. हागणदारीमुक्त गाव. तंटामुक्त गाव. टँकरमुक्त तालुका. प्लॅस्टिकमुक्त परिसर. कर्जमुक्ती. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार. ज्याच्या त्याच्या गावच्या वेशीवर, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, शाळेच्या कंपाउंडवर, पिवळ्यावर निळ्या अक्षरात. 'मुक्त' हा शब्द आम्ही आयुष्यात सगळ्यात जास्त वाचला तो याच अर्थाने. कशापासून तरी मुक्त. कुत्रा उवांपासून आणि शेत तणापासून. ऑर्वेलने न्यूस्पीकला जेवढी जागा सोडली होती, नेमकी तेवढ्या जागेत आमचा 'मुक्त' उभा होता.

इथे मला घाई करायची नाही. हागणदारीमुक्ती ही चांगलीच गोष्ट आहे. आमच्या आईला पहाटे अंधारात रस्त्याच्या कडेला जावं लागायचं ते थांबलं, याचं मोल मला कुठलीही कादंबरी शिकवू शकत नाही. ते बोर्ड रंगवणाऱ्यांच्या मनात कुठलाही कट नव्हता. कट नसतानाही शब्द आखडतो, एवढंच मला त्या दिवशी कळलं, आणि त्याने मी जास्त दचकले. वर्गात मी विचारलं, 'मुक्त' म्हटल्यावर काय आठवतं? आळंदीची मुक्ताई दोघींनाच आठवली. मुक्तछंद कुणालाच आठवला नाही. मुक्त विद्यापीठ सगळ्यांना माहीत, कारण भाऊ, वहिनी, कुणी ना कुणी तिथून बी.ए. करत होतं.

त्या शनिवारी घरी गेले. आई जेवायला वाढत होती. मी गंमत म्हणून ते वाक्य तिला मराठीत विचारलं, ''आई, 'हे शेत तणमुक्त आहे' हे बरोबर वाटतं का गं?''

''तणमुक्त म्हंजी?''

''तण नसलेलं.''

''कुठलं तण?''

मला उत्तर देता येईना. ती भाकरी थापता थापता मोजायला लागली. हरळी वेगळी, ती मुळासकट काढावी लागते. लव्हाळा त्याहून चिवट, खाली गाठी असतात त्याच्या. काँग्रेस गवताने अंगाला खाज सुटते. पण पाथरी? पाथरी कुणी उपटून फेकतं का? ज्वारीत खुरपताना पाथरी सापडली तर तिथंच भाकरीबरोबर खायची. घोळ, तांदुळजा, चिवळ, ह्या तर भाज्या. ''आता तणनाशक मारत्यात, समदंच जळून जातं. पाथरी बी गेली. तुझ्या पुस्तकातल्या मानसाला म्हणावं, असलं शेत तर दुष्काळातच असतं.''

'तण' हा शब्द तिच्याकडे नव्हता असं नाही. पण तिच्यासाठी तो सगळ्यात शेवटचा शब्द होता, आधीचे आठ-दहा वापरून झाल्यावरचा. बाटलीवर मात्र एकच शब्द छापलेला असतो, आणि फवारा बाटलीवरचं वाचून चालतो. मी भाषांतरात शेवटी 'या शेतात तण उरलेलं नाही' असं लिहिलं. चांगलं नाही जमलं. पण 'तणमुक्त' लिहायला हात धजला नाही.

दुसऱ्या दोघांची पानं यापेक्षा मजेशीर निघाली. 'डकस्पीक' एकाला आलं होतं. बदकासारखं, मेंदूला तसदी न देता घशातून बोलणं. त्याने सरळ 'पोपटपंची' लिहिलं. वर्गात वाद झाला. न्यूस्पीकमध्ये या शब्दाला दोन तोंडं आहेत. शत्रूला म्हटलं तर शिवी, आपल्या माणसाला म्हटलं तर शाबासकी. पोपटपंची तर नुसती शिवी. मग एक मैत्रीण म्हणाली, ''असं कसं? माझ्या धाकट्या भावाने पाढे म्हटले की आजी पाहुण्यांना सांगते, अगदी पोपटासारखं म्हणतो बघा. ती काय शिवी असते?'' पोपटाच्या बाजूने तिथल्या तिथे निकाल लागला. बदक हरलं. आणि वर्गातल्या प्रत्येकाने मनात गाइडाची पानं चाळली असणार, निदान मी तरी चाळली.

बिग ब्रदरचं मराठी मात्र शेवटपर्यंत झालं नाही. त्यांच्या पोस्टरवरचं वाक्य आम्ही 'दादांचं तुमच्यावर लक्ष आहे' असं केलं आणि वाचताक्षणी सगळे हसत सुटले, कारण मराठीत ते भीतीचं वाटतच नाही. उलट धीर येतो. दादांचं लक्ष आहे म्हणजे काम होणार. आम्ही तर फ्लेक्सवरच्या प्रत्येक दादा-भाऊ-अण्णांना हात जोडून म्हणतो, 'साहेब, लक्ष असू द्या.' ज्या वाक्याने लंडनच्या विन्स्टनचा थरकाप उडतो, ते वाक्य आमच्याकडे अर्जाच्या शेवटी येतं. 'तू'कार करून पाहिला, 'दादा तुला बघतोय'. तर ते गल्लीतल्या भांडणासारखं झालं. मॅडम म्हणाल्या, ''ठेवा तसंच. आपल्याकडे भीती आर्जवाच्या आवाजात बोलते, असं समजा.'' त्यांचं ते वाक्य मी वहीत लिहून घेतलं नाही याचं वाईट वाटतं. शब्द थोडे इकडे-तिकडे झाले असतील.

आता माझी चूक. हुरूप आल्यावर मी एक निबंधच लिहून नेला. भाषाशुद्धीची चळवळ म्हणजे मराठीतली न्यूस्पीक, असा. शिवकाळातला राज्यव्यवहारकोश, त्यातले फारसीला दिलेले संस्कृत पर्याय. मग सावरकर, माधव जूलियन. मग शासनाची परिभाषा. सगळ्यांना एका दोरीने बांधलं. पोलीस भरतीवाल्याने मला वर्गात एकाच प्रश्नात आडवं केलं. ''महापौर आल्यावर मेयर म्हणायला बंदी झाली का?'' नव्हती झाली. न्यूस्पीक शब्द मारते; इथे शब्दाशेजारी शब्द आणून बसवला होता, कधी रुळला, कधी रुळला नाही. मतभेद करायला जागा आहे, पण ते वेगळं भांडण आहे. मीही तेच करत होते जे वर्ग पहिल्या आठवड्यात करत होता, हे म्हणजे अगदी ते. फरक इतकाच की माझं 'ते' जरा पुस्तकी होतं.

सगळ्यात मोठा वाद एका क्रियापदावरून झाला. न्यूस्पीक ही ओशनियाची अधिकृत भाषा 'होती'. आहे नव्हे. कादंबरी संपते तेव्हा विन्स्टन पुरता मोडलेला असतो, बिग ब्रदरवर प्रेम करू लागलेला. त्यानंतर पान उलटलं की कुणीतरी अनामिक, स्वच्छ साध्या इंग्रजीत, न्यूस्पीकविषयी भूतकाळात लिहितंय. याचा अर्थ ती राजवट पुढे कधीतरी संपली का? मार्गारेट ॲटवुडने हे वाचन मांडलेलं आहे. तिच्या 'द हँडमेड्स टेल'च्या शेवटीही अशीच पुढच्या काळातल्या अभ्यासकांची टिपणं येतात.

मैत्रिणीला पटेना. ''अख्खी कादंबरीच भूतकाळात आहे. 'राजा होता' म्हटलं म्हणून राजा मेला असं होतं का?'' मुद्दा बिनतोड होता. मग आम्ही झेरॉक्स पुन्हा वाचली. तिथे म्हटलंय की १९८४ साली बोलायला-लिहायला फक्त न्यूस्पीकच वापरणारा कुणीही अजून नव्हता. हे वाक्य १९८४ च्या आत बसून लिहिलेलं वाटत नाही, लांबून मागे वळून पाहिल्यासारखं वाटतं. शिवाय लिहिणाऱ्याला अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा माहीत आहे. त्यातला उतारा तो देतो आणि म्हणतो, न्यूस्पीकमध्ये याचं भाषांतर एकाच शब्दात होईल, विचारगुन्हा. ज्याला तो उतारा जसाच्या तसा देता येतो तो पक्षाच्या राज्यात राहणारा नसावा. मैत्रीण म्हणाली, ''नसावा.'' पण 'नव्हता' म्हणायला ती तयार झाली नाही, आणि आजही तिच्या त्या नकाराचा मला आदर वाटतो. मी स्वतः साठ टक्के 'होती'च्या बाजूची आहे.

आणि परिशिष्टाचं शेवटचं वाक्य! ते भाषांतराविषयीच आहे. शेक्सपिअर, मिल्टन, स्विफ्ट, बायरन, डिकन्स यांना न्यूस्पीकमध्ये आणायचं काम वेळखाऊ असल्यामुळे ती भाषा पूर्णपणे लागू करायची मुदत २०५० इतकी लांबची ठेवली होती. भाषांतर अवघड असल्यामुळे जुलूम लांबला. आमची वेडीवाकडी भाषांतरं टेबलावर पडलेली असताना हे वाक्य वाचलं गेलं, तेव्हा कुणी काही बोललं नाही. शिपाई घंटा द्यायला विसरला होता की काय, तास लांबल्याचंही लक्षात आलं नाही.

निष्पत्तीच्या रकान्यात काय लिहू? परीक्षेला प्रश्न आला तो विन्स्टनच्या स्वभावचित्रावर. मी दहा गुणांच्या उत्तरात परिशिष्ट घुसवलं, कसंबसं, शेवटच्या परिच्छेदात. पेपरला एकूण गुण बरे पडले, कुठल्या प्रश्नाला किती ते कळायचा मार्ग नव्हता. वर्गात पहिली आली ती गाइड सोडून काहीही न वाचलेली मुलगी. भाषांतराच्या दोन्ही तासांना ती लग्नाच्या बोलणीसाठी गावी होती. तिच्यावर राग धरायचं मला कारण नाही. बाकीच्या तीन प्रश्नांची उत्तरं मीही सोमवारी आलेल्या त्याच गाइडातून पाठ केली होती. पोपटासारखी.

आणि सगळेच काही बदलले नाहीत. चार-पाच जणांनी भाषांतर आणलंच नाही. एकाने मोबाईलवरून करून आणलं. त्यात 'फ्री'ला सगळीकडे 'विनामूल्य' आलं होतं. विनामूल्य कुत्रा, विनामूल्य शेत. हसून हसून पुरेवाट झाली. तो रुसला आणि पुढच्या तासांना आला नाही. त्याला हसण्याआधी मॅडमनी किंवा आम्ही कुणी थांबायला हवं होतं. त्या विनामूल्य शेतावर अर्धा तास चांगली चर्चा झाली असती.

दोन वर्षांनी अभ्यासक्रम बदलला आणि कादंबरी गेली. कुणी घालवली नाही. मुदत संपली, नवी पुस्तकं लागली, नेहमीसारखं. मॅडमनी आमची भाषांतरं एका फायलीत ठेवली होती, ती कुठे आहे विचारायला हवं.

मागच्या महिन्यात पाठाच्या साहित्यासाठी कार्डशीट आणायला स्टँडसमोरच्या दुकानात गेले. जुन्या गाइडांचा गठ्ठा दारातच लावला होता, निम्म्या किमतीत. '१९८४' होतंच. शेवटून उघडलं. विन्स्टनचं बिग ब्रदरवर प्रेम बसल्याचं वाक्य, त्याखाली 'अपेक्षित प्रश्न', आणि मग दोन कोरी पानं, रेघा आखलेली. वर ठळक छापलं होतं : टिपणे.